जागलीची पानं

१४ नोव्हेंबर

अब्बानी माझ्या कादंबरीत बेरिंग गुंडाळलं.

खोटं नाही, डोळ्यानं पाह्यलं. दारव्ह्याले बसस्टँडच्या मागं आमचं मोटर वायंडिंगचं दुकान. गिऱ्हाईक उभं होतं. अब्बानी टेबलाखालून गठ्ठा ओढला, वरचं पान घेतलं, त्यात बेरिंग ठेवलं, चार घड्या, वरून रबर. दिलं. मी म्हटलं, अब्बा, ये मेरी किताब है. ते म्हणे, "हां तो. कागज अच्छा है. तेल नहीं सोखता."

वर्ष झालं छापून. सुटी पानं, बांधणी नाही, पाननंबर नाही — कोणतंही पान कुठूनही उचला अन् वाचा. हेच तर माझं म्हणणं होतं. वणीहून कोळशाचा ट्रक निघते, रात्रभर चालते, अन् त्यात ड्रायव्हरच नाही. प्रत्येक पानावर वेगळा माणूस, ज्यानं तो ट्रक पाह्यला. बस. यवतमाळले एम.ए. करताना वाटे, मराठी हादरणार. मराठी जागची हलली नाही. गठ्ठे पलंगाखाली मावले नाहीत म्हणून दुकानात आले. अन् तेव्हापासून मी एक ओळ लिहिली नाही.

आता बेरिंग.

१५ नोव्हेंबर

अब्बाशी दिवसभर बोललो नाही. त्यांच्या लक्षातच आलं नाही. आज दोन बुश अन् एक कपॅसिटर गेला माझ्या पानात.

२१ नोव्हेंबर

एक पोट्टी आली. बोरखडीची. बापासोबत — बाप उकंडा, जळालेली मोटर घेऊन आलता. बाप अब्बाजवळ बसून कॉइल पाहत होता. पोट्टी सरळ माझ्या टेबलाजवळ. सहावीत असेल. दप्तरातून पुस्तक काढलं, पुस्तकातून एक पान. माझं. तेलाचा गोल डाग पडलेला, पण घड्या अशा मोडलेल्या की जशी इस्त्रीच केली.

"याच्या पुढचं पान कुठी हाय?"

मी म्हटलं, याले पुढचं पान नाही. कोणतंही पान पुढचंच.

तिनं माझ्याकडं असं पाह्यलं की जसं मी म्हटलं, या गावाले रस्ताच नाही, जिकडून वाटते तिकडून या.

"असं कसं? इथं पोलीस पाटील मोटरसायकल घेऊन ट्रकच्या मांगं निघाला. मंग पोचला का नाही?"

मले माहीत नव्हतं. खरंच. तो पाटील मी एका पानापुरता घेतला होता, पुढं सोडून देला. कॉलेजात याच गोष्टीची तारीफ झालती.

पूर्ण गठ्ठा देला तिले. नाव विचारलं. वैष्णवी. उकंडाभाऊ मोटर ठेवून आले अन् गठ्ठा पाहून हसले. "मले काय त्याचं. शाळा सुटली तवापासून म्या एक पान नाही वाचलं, भाऊ. लाईटचं बिल बी हे पोट्टीच वाचते." चालताना एक पाय ओढून टाकत होते.

अब्बा मोटर खोलता खोलता म्हणे, "कैसे जली?"

"रातची लाईन, मिस्त्री. डोळा लागला. पानी कवा संपलं, समजलंच नाही."

२२ नोव्हेंबर

पाटील पोचला का नाही — सकाळपासून डोक्यात तेच.

२९ नोव्हेंबर

आजचा दिवस फ्रेम करून भिंतीले लावावा असा.

बोरखडीच्या शाळेचे मुख्याध्यापक दुकानात आले. विठ्ठलराव सर. चांगला माणूस, शर्ट इन केलेला, आवाज खाली. खिशातून माझे पाच-सहा पानं काढून टेबलावर ठेवले.

"हे तुमचंच का?"

हो म्हटलं. वाटलं आता समीक्षा.

"पोट्टे वर्गात झोपून राह्यले. सहावी-सातवी पूर्ण. परवा गणिताच्या तासाले एक जण बाकावरून खालीच पडला. विचारलं तर म्हणतात, सर, रात्री वाचत होतो. मी म्हटलं काय वाचत होते? तर हे. वैष्णवीनं वाटले म्हणे. जेवणाच्या सुट्टीत अदलाबदल करतात. भांडणं लागतात पानापायी."

मी तोंड गंभीर ठेवलं. म्हटलं, हे बरं नाही सर, झोप पाहिजे. ते म्हणे, हो न, वाचनाले माझा विरोध नाही, पण टाइम पाहून वाचावं. मी मान हलवली. चहा पाजला. ते गेले.

मंग मी मागच्या खोलीत गेलो, वायंडिंग मशिनीमागं उभा राह्यलो अन् नाचलो. आवाज न करता. पूर्ण सहावी. पूर्ण सातवी. पानापायी भांडणं. ज्या पुस्तकाचं पुण्याच्या एका संपादकानं "वाचकाची कसोटी पाहणारं" म्हणून तोंडभर कौतुक केलं अन् स्वतः अर्धवट ठेवलं, त्यापायी बोरखडीतला एक पोरगा बाकावरून पडला.

अब्बा बाहेरून म्हणे, "क्या गिरा अंदर?"

कुछ नहीं, म्हटलं.

३ डिसेंबर

दुसरी समीक्षा. पहिलीपेक्षा भारी.

वैष्णवीची आजी, तुळसाबाई, आठवडी बाजारात आलती, तिथून दुकानात. हातात पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर. दारातूनच:

"तूच काय रे तो ट्रकवाला?"

अब्बा गल्ल्यावरून उठले. त्याईले वाटलं कोणत्या तरी ट्रकचं काम असंन. मी म्हटलं, हो आजी, मीच.

"माही नात रातभर गोधडीत शिरून वाचते. आत टॉर्च लावते. गोधडी आशी दिसते की जशी आत चूल पेटली. अन् गुणगुण गुणगुण, गुणगुण गुणगुण. मी हाक मारली की चूप. मी लवंडली की पुन्हा सुरू. डोये पाह्य पोट्टीचे, टमाट्यावानी झाले. आग लाव तुह्या ट्रकले."

"माय, बैठो, चाय पियो," अब्बा म्हणे.

बसली. चहा घेतला. बशीत ओतून, फुंकून. जाताना मले पुन्हा बजावलं, "ट्रक बंद कर. नाहीतर मी करतो."

गोधडीत टॉर्च! मोठ्यानं वाचते म्हणजे पाठ करून राह्यली पोट्टी. माझं गद्य. पाठ!

रात्री जेवताना अब्बा म्हणे, "तेरी किताब में ऐसा क्या है?" मी म्हटलं, आपने तो पढ़ी नहीं. ते म्हणे, "मैं कब पढूं. दिनभर उसमें पुड़ी बांधता हूं."

९ डिसेंबर

उकंडाभाऊची मोटर घेऊन बोरखडीले गेलतो. आज जे समजलं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीनं बदलवीन.

मोटर विहिरीवर उतरवली; तोपर्यंत उकंडाभाऊनं मागून आणलेली चालवली होती. हरभरा गुडघ्याच्या खाली, हिरवाकंच. शाळा सुटून वैष्णवी वावरातच आली. दप्तरातून गठ्ठा काढला. वरच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर निळ्या पेनानं नंबर टाकलेला. एक, दोन, तीन — शेवटपर्यंत. लावून टाकलं तिनं. ज्या कादंबरीले क्रम नाही, तिले क्रम लावला. मी रागानंच वाचाले घेतलं. वणी, मंग मारेगाव, मंग घाट, ढाबा, पाटील, यवतमाळचा नाका. अन् साला, चालते. ट्रक पुढं जाते. माझ्या गठ्ठ्यात तो एकाच जागी घरघर करत उभा होता.

मी म्हटलं, आजी सांगत होती, तू मोठ्यानं वाचते. पाठ करते का?

"पाठ कायले करू? बाबाले वाचून दाखवते."

"बाबा तर रात्री वावरात."

"हो न. फोनवर."

मंग तिनं सांगतलं. मोटरीची लाईन, म्हणजे वीज, एक हप्ता दिवसा येते, एक हप्ता रात्री. रात्रीची लाईन असली की गावातले सगळे बाप वावरात, मोटरीजवळ. पाणी या सरीतून त्या सरीत. मागच्या हिवाळ्यात उकंडाभाऊचा वावराच्या कडेले धुऱ्यावर डोळा लागला अन् रानडुकरं आले. पोटरी फाडली. सकाळपर्यंत तिथीच पडून होते, हाक ऐकाले कोणी नव्हतं. म्हणून पाय ओढतात.

तेव्हापासून ही रात्रीच्या लाईनीले फोन लावून बापाशी बोलते. पण बोलून बोलून किती बोलाव? "शाळेतलं सांगून झालं. मंग गाणे म्हटले, तर बाबा झोपूनच गेले. मंग बेरिंगचं पान सापडलं." एका पानात बाप शेवटपर्यंत जागा राह्यला. तिनं वर्गात सांगतलं. आता सगळ्या पोट्ट्याईनं आपापल्या बापाले फोन लावणं सुरू केलं. कोणाचा बाप, कोणाचा काका. म्हणून पानापायी भांडणं.

"अन् दिवसाच्या लाईनीच्या हप्त्यात?"

"तवा कायले वाचाव? तवा आम्ही झोपतो."

तेवढ्यात उकंडाभाऊ पाईप जोडून आले. मी विचारलं — विचाराले नको होतं — कशी वाटते गोष्ट?

खाली बसले. तंबाखू मळली. "खरं सांगू का, भाऊ? गाणं लावलं का झोप येते. भजन लावलं का लवकर येते. तुहं ऐकलं का राग येते. लेकाचा ट्रक चाल्ला, चाल्ला, ड्रायव्हर नाही, कोणी थांबवत नाही, कोणी पकडत नाही. पाटील निघाला तर गेला कुठी? डोस्कं तापते. अन् डोस्कं तापलं का माणूस जागा राह्यते. लय उपकार हाय तुहे."

१० डिसेंबर

म्हणजे मी चहा. तोही बिनसाखरेचा.

११ डिसेंबर

वर्षभर कोणी वाचत नाही म्हणून रडलो. आता वाचून राह्यले तर कारण पसंत नाही. कायले पाहिजे कारण? पोटरी फाटलेला माणूस माझ्या वाक्यावर रात्र काढून राह्यला. कोणत्या लेखकाच्या नशिबात आहे हे. चूप बस, अरसलान.

१२ डिसेंबर

लिहिलं.

वर्षानंतर पहिलं पान. पोलीस पाटलाची मोटरसायकल घाटात बंद पडते, तो उतरून पाहते तर टाकीत पेट्रोल आहे, प्लग साफ आहे, काहीच बिघाड नाही. अन् ट्रकचा मागचा लाल लाईट वर वळणावर थांबलेला. त्याची वाट पाहत.

इथंच पान संपवलं. उकंडाभाऊले राग आला पाहिजे.

१३ डिसेंबर

अजून एक. बाजारच्या एसटीनं पाठवले दोन्ही, कंडक्टर ओळखीचा.

१६ डिसेंबर

दुपारी वैष्णवीचा फोन, शाळेजवळून, आवाज बारीक.

"दादा, सरनं मिटिंग बोलावली. पानं जमा करणार हायेत. अन् नऊ वाजता सगळ्याईचे फोन बंद करा म्हणतात. आजी बी त्याईच्याकडून हाय."

"तू सांग न सरले, कोणाले वाचून दाखवतं ते."

"बाबानं शप्पथ घातली. आजीले सांगू नको म्हणे." मंग म्हणे, "दादा, सोमवारपासून रातची लाईन हाय. पानं नेले तर मी बाबाले काय वाचू?"

मी येतो म्हटलं.

१८ डिसेंबर

मिटिंग. शाळेच्या व्हरांड्यात. पोट्टे मैदानात कबड्डी खेळाचं नाटक करत होते अन् कान इकडं.

सरनं नीट मांडलं. पोरं झोपतात, चाचणीचे मार्क पडले, पुस्तक वाईट नाही पण रात्र झोपासाठी आहे. सगळ्याईनं माना हलवल्या. तुळसाबाई म्हणे, "जमा कराचे अन् माह्यापाशी द्याचे. म्या चूल पेटवतो."

मंग मी उभा राह्यलो. भाषण केलं. वाचनसंस्कृती, कल्पनाशक्ती, नव्या पिढीची भाषा — हे असले शब्द बोरखडीच्या व्हरांड्यात. डोमाजी नावाचा एक म्हातारा कास्तकार बसला होता, त्यानं शेजारच्याले हळूच विचारलं, "हा निवडणुकीले उभा हाय काय?" माझं भाषण तिथीच मेलं. बसलो.

सर उठले, म्हणे, तर मंग ठरलं, आज पानं —

वैष्णवी कबड्डीतून सरळ व्हरांड्यात. पायाले धूळ, दम लागलेला.

"सर, पानं न्या. पण मंग रातच्या लाईनीले तुमी फोन लावसान का माह्या बाबाले?"

"कायले?"

"ते झोपू नाही म्हणून."

 उकंडाभाऊ खाली पाहून राह्यले.  तिथं बसलेल्या निम्म्या माणसाईनं एकमेकाईकडं पाह्यलं अन् मंग मैदानाकडं, आपापल्या पोट्ट्याकडं. प्रत्येकाले वाटत होतं, आपलंच पोट्टं असं करते. खेमसिंग म्हणून तांड्यावरचा एक गडी, मिशीवाला, तो म्हणे, "मीन तो मारो छोराज वाचन दखाळ..." मंग सरकडं पाहून मराठीत, "मले बी माहा पोरगाच वाचून दाखवते, सर. नाहीतर मी कवाच त्या विहिरीत असतो."

तुळसाबाई उठली. लेकासमोर जाऊन उभी.

"काहून रे? मले काहून नाही सांगतलं?"

"तू म्हनशीन, आपल्या पायापायी पोट्टीले काहून जागवतं."

"म्हनलंच असतं." त्या पायाकडं पाह्यलं. मंग सरकडं वळून एकदम वेगळ्याच आवाजात, "पन हे एवढे सारे लेकरं काहून जागावं? सारे बाप एकाच फोनवर नाही बसत काय? टीव्हीत तर सारे एकाच वक्ती भांडतात."

सातवीतले दोन पोट्टे मैदानातूनच ओरडले, "कॉन्फरन्स! होते न आजी!"

पाच मिनिटात ठरलं. रात्रीच्या लाईनीच्या हप्त्यात रोज एकच पोट्टं वाचणार, पाळीपाळीनं. सगळे बाप एका कॉलवर. बाकीचे झोपणार. सरनं आपल्याकडून जोडलं — ज्याची पाळी त्याले दुसऱ्या दिवशी सकाळचा परिपाठ माफ, दुसऱ्या तासाले आला तरी चालते. फक्त रात्री काय झालं ते वर्गात सांगाचं.

"अन् पानं?" वैष्णवीनं विचारलं.

सरनं सकाळी वर्गात धरलेले पानं परत देले. एक मागं ठेवलं. "हे माझं वाचाचं राह्यलं," म्हणे.

एसटीत पूर्ण रस्ता हसत आलो. शेजारची बाई सरकून बसली.

२४ डिसेंबर

काल रात्री मीही कॉलवर होतो. वैष्णवीनं घेतलं. आवाज बंद करून गोधडीत शिरलो, कारण अब्बा बाजूच्या खाटेवर, अन् रात्रीचा फोन दिसला की त्याईचं डोकं फिरते. चोवीस वर्षाचा घोडा, एम.ए., गोधडीत.

खेमसिंगच्या पोराची पाळी. डोंगरसिंग नाव. वाचते चांगलं, पण पूर्णविराम दिसला की थांबूनच जाते. मागं मोटरींची घरघर, कोणाच्या तरी वावरात टिटवी. कोणी खोकलं की कोणीतरी विचारते, जागा हायेस न? "हाव, हाव, चालू दे." मी ते पान लिहिलं तेव्हा त्यात शांतता होती, शहरातली, विचार केलेली. इथं ते पान पाण्याच्या आवाजात वाचलं जात होतं अन् पहिल्यांदा मले ते चांगलं वाटलं.

पाटलाच्या पानावर डोमाजी मधात बोलला. "थांब रे. पेट्रोल हाय, प्लग साफ हाय, तर कॉइल गेली असंन."

"कॉइल नाही, पॉइंट," दुसरा म्हणे.

"अबे गोष्ट हाय ते, वायंडिंग नाही."

तेवढ्यात खेमसिंगची मोटर खरंच अडली. गुरगुरून बंद. सुरू केली, पुन्हा बंद. आता रात्री कोणाले विचाराव? उकंडाभाऊ म्हणे, मिस्त्रीले घ्या लाईनीवर. अन् मी हो-नाही कराच्या आत बाजूच्या खाटेवर अब्बाचा फोन वाजला.

अब्बा उठून बसले. "हां. हां. आवाज सुनाओ." मोटरीचा आवाज ऐकला. डोळे मिटून. "एक फेज गया. डीपी पे फ्यूज देख, बीचवाला." खेमसिंग गेला. तोपर्यंत सगळे थांबले. कोणीतरी म्हणे, डोंगरसिंग, तू वाच तवरक, मिस्त्री बी ऐकन.

डोंगरसिंगनं वाचलं. लाल लाईट वळणावर थांबलेला, वाट पाहत.

मी गोधडीत श्वास धरून. अब्बा माझ्यापासून हातभर. फोन कानाले. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, खेमसिंगनं सांगतलं, झालं मिस्त्री. अब्बा "अच्छा" म्हणे अन् फोन ठेवला नाही.

पान संपेपर्यंत नाही ठेवला.

२५ डिसेंबर

आज अब्बानी बेरिंग वर्तमानपत्रात गुंडाळलं.

  माझे गठ्ठे टेबलाखाली नव्हते. वर, तांब्याच्या तारेच्या रिळाशेजारी ठेवले होते, जिथं ते महागाचा माल ठेवतात.

११ जानेवारी

लिहून राह्यलो. रात्रीच्या लाईनीचा हप्ता आला की रोज एक पान, एसटीनं. सातवीतला जो तो म्हणते, उद्या माझी पाळी. झोपाले सांगतलेले पोट्टे चोरून दुसऱ्याच्या घरी जाऊन ऐकतात, हे सरनंच सांगतलं, अन् सांगताना रागावले नव्हते. सर रोज वर्गात विचारतात, काल ट्रक कुठं पोचला? मले वाटते पोट्ट्यापेक्षा त्याईलेच जास्त पाहिजे.

टीकाकार वाढले. डोमाजीनं निरोप धाडला — ट्रकात कोळसा हाय, चांगलं, पण डिझेल कोण भरते? अगदी बरोबर. एक ढाबेवाला लिहिला, जो काही न विचारता डिझेल भरते अन् अंधाराकडं पाहून म्हणते, लिहून ठेवतो.

दिवसाच्या लाईनीच्या हप्त्यात मात्र कोणाचाच फोन नाही. पूर्ण बोरखडी झोपते. मी एकटा जागा.

३० जानेवारी

ट्रक उमरखेडच्या अलीकडं आणला. पुढं पैनगंगेचा पूल. पुलाच्या मधोमध ट्रक थांबते अन् केबिनचं दार आतून उघडते. मी लिहिलं अन् हात थांबला. उतरणार कोण? आधी मी सांगत फिरत होतो, ड्रायव्हर नाही हाच मुद्दा. आता मलेच पाहाचं आहे.

पूर्ण पुलाचे पानं एकदमच पाठवले. शेवटचं सोडून. ते अजून सुचलंच नाही.

१२ फेब्रुवारी

उकंडाभाऊ पेढे घेऊन दुकानात. बोरखडीच्या फिडरचं सोलरचं काम झालं. आता रात्रीची लाईनच नाही. रोज दिवसा. कायमची.

"झोपाचं आता, मिस्त्री," म्हणे. "दहा वर्साची झोप बाकी हाय."

अब्बानी पेढा खाल्ला, म्हणे, अब मोटरें भी कम जलेंगी. मी पण खाल्ला. खूप चांगलं झालं म्हटलं. खरंच चांगलं झालं. पाय, डुकरं, थंडी, सगळं गेलं. वैष्णवी झोपेल.

कोणाले सांगता येत नाही की मी आत कसा झालो. एवढा वाईट माणूस असन मी असं वाटलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी

उकंडाभाऊनं जाताना पुलाबद्दल काहीच विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी

फोन नाही. कॉन्फरन्स नाही. सर भेटले बाजारात — पोरं वर्गात ताजीतवानी, सकाळी परिपाठाले सगळे हजर. आनंदानं सांगत होते. मी आनंदानं ऐकलं.

शेवटचं पान लिहून टाकलं. कोणासाठी, माहीत नाही. लिहिलं. टेबलाच्या ड्रॉवरात आहे. अब्बा म्हणे, "दे आ ना." मी म्हटलं, अब किसको चाहिए. अब्बा तार गुंडाळत होते, वर पाह्यलं नाही. "मुझे तो बताया नहीं किसीने, कौन उतरा." म्हणजे अब्बा रोज कॉलवर होते, पुलापर्यंत.

त्याईले वाचून दाखवलं. दुकान बंद झाल्यावर, शटर अर्धं पाडून. ऐकलं.  मंग म्हणे, "अच्छा. ऐसा है." अन् नळावर हात धुवाले गेले.

२० फेब्रुवारी

बस. एवढा एक वाचक पुरे. उरलेला पेढा आज खाल्ला अन् गोड लागला.

२६ फेब्रुवारी

काल रात्री, मी झोपलो होतो, तवा फोन. उकंडाभाऊ. एकदम बारीक आवाज, जसं कोणी तोंडावर पांघरूण घेऊन बोलते.

मी घाबरून उठलो. काय झालं? वैष्णवी ठीक हाय न?

"हळू बोल. पोट्टी कवाच झोपली. बुढी जागी हाय."

"मंग तुमी?"

"वाचून राह्यलो," ते म्हणे. "पोट्टीनं टाकलेल्या पयल्या नंबरापासून लावलं. रातची लाईन गेली तवापासून... एकेक अक्षर लावा लागते. गोधडीत टॉर्च धरून हात दुखून राह्यला. आत्ता पुलावर आलो. दार उघडलं." फोनमध्ये कागद वाजला. मंग दूर कुठून तरी तुळसाबाईचा आवाज, काय गुणगुण चालू हाय रे, झोप आता, दिवस निंगन.

टॉर्च बंद झाल्याचा टक आवाज आला. मंग अंधारातून, अजून बारीक:

"पुढचं पान कुठी हाय?"